काशीला काय सोडलं

माणसं देवाला जातात आणि घरी आल्यावर देवाविषयी चार वाक्यं बोलतात. बाकी सगळं बोलणं बरोबरच्या माणसांविषयी असतं. मी सत्तरच्या दशकात कराडहून सुटणाऱ्या यात्रेच्या गाडीवर आचारी होतो. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं लिहून ठेवायचा प्रश्नच नव्हता. तरी किस्से साठत गेले. पातेल्याच्या बुडाला काजळी साठते तसे. कितीही घासा, थोडी राहतेच.

आज सांगतो ते काशीच्या एकाच फेरीतले. मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. पुढच्या बाकांवर मलकापूरकडचे ऊसवाले, मागच्या बाकांवर कोरड्या आटपाडीकडची मंडळी. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मागं धक्के मात्र जास्त बसत.

*

पहिला मोठा मुक्काम नर्मदेकाठी पडला. सगळे पाण्यात उतरले. आटपाडीचे तात्या काठावर उकिडवे बसले. त्यांनी एक तांब्या भरला, तेवढ्याच पाण्यात अंघोळ उरकली आणि शेवटच्या घोटभर पाण्यात पाय धुतले.

मलकापूरचे अण्णा छातीभर पाण्यात उभे होते. त्यांनी तिथनंच हाळी दिली, की एवढी नदी वाहतीय, घ्या की आणखी एक तांब्या!

तात्या म्हणाले, "हात होत न्हाई गड्या. नदीला काय म्हाईत, आमी कुठलं ते."

अण्णा हसले. मागच्या बाकावरचं कुणी हसलं नाही.

*

गाडीत एक सुभेदार होते, पलटणीतून पेन्शनीत आलेले. रोज पहाटे ते धर्मशाळेच्या अंगणात शिट्टी मारत. सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, मग मी चहा द्यायचा. पहिला कप त्यांचा.

म्हाताऱ्या बायका कुरकुरायच्या, पण दोन दिवसांत त्यासुद्धा डाव्या-उजव्या बाजूला सरकून रांग सरळ करायला लागल्या. एकदा एक आजी शेजारणीला म्हणाली, "सरळ हुबी ऱ्हा गं, पलटणीची अब्रू जाईल!"

*

काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडायची, अशी रीत आहे. एखादी भाजी, एखादं फळ. पुन्हा जन्मात तोंडाला लावायचं नाही. गाडीत सगळ्यांचं दिवसभर तेच चालायचं. कोण काय सोडणार?

तात्यांची बायको सोनाक्का खिडकीशी गप्प बसली होती. कुणीतरी तिला विचारलं, तर उत्तर तात्यांनी दिलं.

"हिला शिळीच भाकरी आवडती. ताजी दिली तर बाजूला ठिवती."

गाडी हसली. सोनाक्कासुद्धा हसली.

दुपारी गाडी थांबल्यावर ती माझ्या चुलीपाशी आली. बराच वेळ लाकडं सारत बसली. मग हळूच म्हणाली, "दादा, एक इचारू? आवडतं म्हंजे कसं कळतं रं?"

मग तीच सांगत गेली.

घरात नऊ माणसं. सगळ्यांची पानं झाल्यावर टोपल्यात जे राहील ते तिचं. चाळीस वर्षं असंच. आता काशी जवळ आली आणि सोडायला हातात काहीच नाही. काही सोडलं नाही तर यात्रा पुरी होत नाही, असं कुणीतरी तिच्या मनात भरवलं होतं. "परत काय येणं व्हतंय?" म्हणाली, आणि डोळे पुसले. धूर होता, पण धुरानं नव्हे.

*

मग मी माझ्या परीनं सुरुवात केली. एक दिवस गोडाचा भात, एक दिवस भरली वांगी. वांग्यांवर अण्णा खूश. सोनाक्काला विचारलं, की तिचं एकच. "चांगलं हाय." पिठलं चांगलं हाय, खीर चांगली हाय. एकदा आमटीत मीठ विसरलो, तीही चांगली हाय.

प्रयागला उरलेलं ज्वारीचं पीठ काढलं. तव्यावरची पहिली भाकरी उतरली, टम्म फुगलेली. कुणी पानावर बसायच्या आधी मी सोनाक्काला चुलीशीच बसवलं आणि ती हातात दिली. वर थोडं तूप.

ती हळूहळू खात राहिली. अर्धी झाल्यावर म्हणाली, "ही येगळी लागती."

मला आनंद झाला. आणि लगेच धास्ती बसली. उद्या घाटावर तिनं हीच सोडली तर?

*

काशीच्या घाटावर सगळे ओंजळीत पाणी घेऊन बसले. भटजी मराठी जाणणारे होते. सुभेदारांनी चहा सोडला. अण्णांनी मोठ्यानं सांगितलं, "कारलं."

त्यांची बायको खालच्या पायरीवरून म्हणाली, की महाराज, ह्यांनी कारलं जन्मात खाल्लेलं नाही. भटजींनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, आणि पडलेल्या आवाजात वांगं सोडलं.

मग सोनाक्काची पाळी आली. मी मागं उभा होतो.

ती म्हणाली, "शिळी भाकरी."

भटजी म्हणाले, बाई, आवडीचं सोडायचं असतं.

सोनाक्कानं तात्यांकडं मान वळवली. "आवं, लय आवडती न्हवं मला? सांगा की ह्यास्नी."

सगळी गाडी ऐकत होती. तात्यांनी पाण्याकडं बघत मान डोलावली. तिनं ओंजळ गंगेत सोडली.

*

दुसऱ्या दिवशी गाडी सुटायला दीड तास उशीर झाला. शिट्टीच वाजली नाही. सुभेदारांना उठवायला गेलो, तर ते पांघरुणातूनच म्हणाले, "चहा न्हाई, तर उठून करू काय?"

*

पुढं दोनेक वर्षांनी कामानं आटपाडीला जाणं झालं. उन्हाची वेळ होती. तात्यांचं घर विचारत गेलो. सोनाक्का चुलीपुढं होती, अंगानं जरा भरली होती. मला बघून पाट दिला. तव्यावरची भाकरी माझ्या पानात पडली. दुसरी तिनं स्वतःच्या पानात ठेवली आणि माझ्यासमोरच जेवायला बसली.

तात्या भिंतीला टेकून कालची भाकरी दुधात कुस्करत होते.

मी म्हणालो, "आक्का, तात्यांना पण गरम वाढा की."

सोनाक्कानं घास गिळला.

"त्यास्नी न्हाई रं आवडत," ती म्हणाली. "ताजी दिली तर बाजूला ठिवत्यात."