प्रेसचा डोळा कुणी झोपवला

कारखान्यात त्याला सगळे मीटर म्हणत. बिजागऱ्यांच्या पट्ट्या कापता कापता किती नग झाले, हे तो काउंटरकडे न बघता सांगायचा, आणि फरक पडला तर बहुधा काउंटरच चुकलेला निघायचा. एकोणीस वर्षं एकच प्रेस आणि एकच स्टूल. एवढ्या काळात लोक घर बांधतात, विकतात, पुन्हा बांधतात. मीटरने स्टुलावरच्या उशीचा अभ्रा बदलला होता, तोही दोनदाच.

मग महिनाअखेरीच्या एका मंगळवारी सकाळी प्रेस खाली आली, तेव्हा पट्टीबरोबर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटंही आत होती.

आता तो पलंगावर बसून असायचा. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "दुखतं का हो?" आणि तो खरं ते सांगायचा, "नाही." लोकांचा हिरमोड व्हायचा. जिना चढून आलेल्या माणसाला निदान एखादं कण्हणं तरी मिळायला नको? शेजारच्या काकू तर चिडल्याच. "दुखत नाही म्हणजे काय? दुखायला हवं!" पण त्याला खरंच काही वाटत नव्हतं. बँडेजचा तो गोळा कुणीतरी सांभाळायला ठेवून गेलंय, अशा नजरेने तो त्याच्याकडे बघायचा. बायको भरवायची, तो गिळायचा. मीठ कमी पडलंय हे तिला स्वतः जेवायला बसल्यावर कळायचं.

सहाव्या आठवड्यात साडू आला. साडू म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल एक बाहेरची कंपनी करायची, तिच्याकडे तो फिटर होता. प्रेसच्या तोंडाशी एक दिवा असतो. हात आत जाऊन त्याचा झोत अडला की तो प्रेस जागच्या जागी थांबवतो. कामगार त्याला डोळा म्हणत. पण हा डोळा तेलाचा शिंतोडा उडाला तरी प्रेस थांबवायचा आणि नग मागे पडायचे. म्हणून महिनाअखेरीला डोळा झोपवायची पद्धत पडली होती. फिटर येऊन वायरचा एक तुकडा जोडायचा, पहिल्या तारखेला काढायचा. सुपरवायझरला नेमका त्याच वेळी महत्त्वाचा फोन यायचा आणि तो बाहेर जायचा.

"साडूभाऊ, दावा ठोका," साडू म्हणाला. बँडेजकडे न बघता, घड्याळाकडे बघत. "आमच्या कंपनीवर. वायर मी जोडली, माझं नाव घाला."

"आणि तुमची नोकरी?" बायकोने विचारलं.

"जाईल की. फिटरला काय, घरोघरी नळ गळतायत." तो एकटाच हसला आणि अर्ध्यात थांबला.

"चहा घ्या," मीटर म्हणाला.

दोन दिवसांनी बायको त्याला वकीलबाईंकडे घेऊन गेली. बाई समजावून सांगण्यात हुशार होत्या. "हे बघा, कामगार भरपाई तुम्हाला मिळेलच. कामावर असताना लागलं, एवढं तिथे पुरतं. चूक कुणाची, हे सहसा कुणी विचारत नाही. औषधपाणी, पगाराचा काही भाग, आणि बोटांचं जे काही तक्त्यात असेल ते. पण दुखण्याचा तिथे रकानाच नाही. आणि मालकावर वेगळा दावा करता येत नाही."

"मग दावा कुणावर?"

"बाहेरच्या कंपनीवर. तिथे दुखणं धरतात, उडालेली झोप धरतात, जगण्यातला रस गेला तर तोही धरतात. पण चूक त्यांचीच, हे सिद्ध करावं लागतं. तीनचार वर्षं लागतील."

म्हणजे ज्याचे नग व्हावेत म्हणून डोळा झोपायचा, तो मालक दोन्ही कागदांत सुखरूप होता.

बाईंनी पेन उघडलं. "दुखतं?"

"नाही."

"झोप?"

"लागते."

"राग तरी येतो?"

त्याने विचार केला. "कुणाचा?"

"अहो, तुम्ही स्वतःच्या तोंडाने दावा बुडवाल!"

बायको पुढे सरकली. "बाई, हे असे नव्हते हो. पंखा हळू फिरला तरी घर डोक्यावर घ्यायचे. परवा पायावर गरम पाणी सांडलं, तर नुसते बघत बसले. हे लिहा."

"हे चांगलंय," बाई म्हणाल्या आणि ओशाळल्या. "म्हणजे, दाव्यासाठी." मग त्यांनी तयार केलेला जबाब वाचून दाखवला. "'फिटरने मला न सांगता, न विचारता सुरक्षेची सोय बंद केली.' बरोबर?"

खोलीत कुठेतरी प्रिंटर कागद बाहेर टाकत होता.

"मीच सांगितलं," मीटर म्हणाला.

"काय?"

"झोपवा म्हणून. तो नको म्हणत होता, त्याला कंपनीने ताकीद दिली होती. मी म्हटलं, घरचा माणूस असून एवढं होत नाही का? मग जोडली त्याने."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आता हे वाक्य मला लिहिता येणार नाही. आणि खरं लिहिलं तर दाव्यात फारसं काही उरत नाही. वर भरपाईवालेही विचारतील, सोय मुद्दाम कुणी काढायला लावली?"

"मग दावा नको. भरपाईच्या फॉर्मात काय लिहिलंय?"

"'काम करताना प्रेसमध्ये हात सापडला.'"

"ते खरंय."

"खरंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली.

जिन्यात बायको थांबली. "भाऊजी घरी येऊन 'माझं नाव घाला' म्हणत होते, आणि तुम्ही त्यांना चहा विचारत होता?"

"हो."

"ताई रोज फोनवर रडते. तिला वाटतं, तिच्या नवऱ्याने तुमचा हात घालवला." ती श्वास घ्यायला थांबली. "आत्ता तिकडे जायचं. आणि तुम्ही सांगायचं. मी अक्षर बोलणार नाही."

सहा आठवड्यांत पहिल्यांदाच ती त्याचा कोपर न धरता पुढे चालत होती. तो मागून वाक्य जुळवत गेला. जुळलं नाही.

दार ताईने उघडलं. मागे साडू बनियनवर उभा.

"डोळा झोपवायला मी लावलं," मीटर म्हणाला.

"मला माहितीय," साडू म्हणाला. "मी होतो ना तिथे."

"तुम्हाला नाही सांगत. ताईंना सांगतोय."

ताईचा हात कडीवरच राहिला. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मीटरकडे. 'आत या' असं ती म्हणाली नाही, आणि दारही लावलं नाही.