मोरीतला हार

बाळांनो, इथे दोहात आमच्या तळमजल्याच्या स्वयंपाकघरातली मोरी तुंबली की एक गृहस्थ येतात. बीडकडचे आहेत. जोराचं पाणी मारणारं मशीन पाइपात घालतात आणि पाइपाशी म्हशीशी बोलावं तसं, अर्धं इथल्या अरबीत बोलतात, "यल्ला, चल, सरक की बाई!" माणसांशी मात्र फक्त "बघू."

परवा सत्यनारायणाला पाहुणे यायचे होते आणि फरशीभर घाण पाणी उलटलं. तुमची मामी रडकुंडीला आली. या गृहस्थांनी येऊन मशीन सुरू केलं आणि मध्येच बंद केलं. मोरीतून झेंडूचा एक काळा पडलेला हार वर आला होता. त्यांनी गमबूट काढले, त्या घाणीत अनवाणी उभे राहिले आणि हार दोन्ही हातांनी उचलला.

"अहो, पाहुणे येतील! टाका तो कचऱ्यात," मी म्हटलं.

"देवाचा हाय, मावशी."

"आमच्या देवाचा नाही. आमचं निर्माल्य तुळशीच्या कुंडीत जातं. वरच्या मजल्यावरून आला असेल."

"मग वरच्यांच्या देवाचा आसंल की."

हार धुऊन त्यांनी माझ्या हातात दिला, बूट चढवले आणि मोरी मोकळी केली. पूजा वेळेवर झाली.

हार अजून गॅलरीच्या कठड्यावर आहे. गटारातून आलेला म्हणून तुळशीत घालवत नाही, आणि आता कचऱ्यातही टाकवत नाही. त्यांना विचारलं तर "बघू" म्हणतील. तुम्ही असता तर कुठे ठेवला असता?