फक्रुद्दीन पखाल्याची चिमूटभर हळद

फक्रुद्दीन पखाल्याचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. कोल्हापुरात आगगाडी आली तेव्हा अख्खी मंगळवार पेठ ती बघायला लोटली. फक्रुद्दीनही गेला, पण इंजिनाच्या आत बैल कुठं दडवलेत ते शोधायला. बायकोनं, म्हणजे कुलसुमनं, एखाद्या दिवशी सालन झकास केलं, तर तो पहिला घास घ्यायच्या आधी विचारायचा, "काय मागायचं हाय आज?"

या जगात त्याची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती. स्वतःच्या जिभेवर.

रोज सकाळी तो आपला रेडा घेऊन चिंचेच्या विहिरीवर जायचा. रेड्याचं नाव नवाब, आणि चालही तशीच. पाठीवर कातड्याची मोठी पखाल. ती भरण्याआधी फक्रुद्दीन ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, डोळे मिटून या गालातून त्या गालात फिरवायचा, आणि मग गिळायचा. त्यानं गिळल्याशिवाय पखालीत थेंब पडत नसे. हा त्याच्या बापाचा दंडक होता. चाळीस वर्षांत त्याच्या पाण्यानं कुणाचं पोट दुखलं नव्हतं, आणि पेठेत त्याला जी काही किंमत होती ती एवढ्यावरच. घर पडकं होतं, रेडा म्हातारा होता, पण "फक्रूचाचाचं पाणी" म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नसे.

शाहू महाराज गादीवर आल्याला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. त्या साली विहिरीच्या वरच्या अंगाला, माळावर, हंबीररावांनी सूत रंगवायचा कारखाना काढला. आत विलायती रंगाचे डबे, सोड्याची पिंपं, मोठमोठ्या कढया. बाहेर तांबडं-निळं सूत वाळत पडलेलं. लोक कौतुकानं बघायला जायचे. फक्रुद्दीन एकदाच गेला आणि पहारेकऱ्याला म्हणाला, "एवढं धुताय, तर ते धुवन जातंय कुठं?" पहारेकऱ्यानं त्याला हाकलला. यात काहीतरी काळंबेरं आहे असं फक्रुद्दीनला वाटलं, पण त्याला तसं सगळ्यातच वाटायचं, म्हणून तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नाही. त्यानंसुद्धा.

वर्षभरानं एका सकाळी पाणी तोंडात घेतलं आणि ते जिभेवरून सटकलं. कडू नाही, खारट नाही. न्हाताना रिठ्याचं पाणी चुकून तोंडात जावं तसं बुळबुळीत. पहिला संशय कुलसुमच्या मिश्रीवर. "माझ्या तांब्याला हात लावलास?" कुलसुम म्हणाली, "म्हातारपन आलंय तुमच्या जिभंला. मला कशाला गोवताय त्यात?"

जीभ म्हातारी! फक्रुद्दीनच्या काळजाचं पाणी झालं. म्हणून त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्यानं जिभेचं ऐकलं नाही आणि पखाल भरली.

तालमीतल्या पैलवानांनी त्या पाण्याची थंडाई केली आणि एकजात भिंतीवर थुंकली. "चाचा, पखालीचं कातडं कुजलंय तुमच्या!" वस्ताद ओरडला. दुपारपर्यंत पेठेत तेच. फक्रूची पखाल कुजली. एकेका दारातून "आज नगं" सुरू झालं. त्यानं पखाल उलटी करून तीनदा धुतली, उन्हात टांगली, नाक घालून हुंगली. कातडं चोख होतं. मग त्यानं नवाबपुढं विहिरीचं बादलीभर पाणी ठेवलं. नवाबनं नाक लावलं, फुरफुरला आणि तोंड फिरवलं.

"आता बोल," फक्रुद्दीन कुलसुमला म्हणाला. "ह्याची बी जीभ म्हातारी का?"

"रेड्याचं वय काय कमी हाय व्हय?" कुलसुम म्हणाली.

आणि शुक्रवारी भलतंच घडलं. विहीर ज्यांच्या मळ्यात होती त्या धोंडुबाईंनी देवीला लावायला विहिरीच्याच पाण्यात हळद कालवली. कालवता कालवता ती लाल झाली. कुंकवासारखी लालभडक. धोंडुबाई किंचाळल्या, "आई आली! हिरीत आई आली!" तासाभरात मळ्यात पाय ठेवायला जागा नाही. ज्यानं त्यानं घरून हळद आणलेली, आणि सगळ्यांचीच लाल.

ज्या पैलवानांनी थंडाई थुंकली होती तेच आता तांबे घेऊन फक्रुद्दीनच्या दारात. "चाचा, आईचं पानी आना की!" दुसरा एखादा सुखावला असता. फक्रुद्दीनचा संशय दुप्पट झाला. "सोमवारी माझी पखाल कुजकी, आनि शुक्रवारी तीच पवित्तर? हे कसं काय, वस्ताद?"

त्यातच बातमी आली की विहिरीवर घुमटी बांधायला दगड आणि भलीमोठी घंटा हंबीरराव देणार आहेत. आता हंबीरराव म्हणजे देवळात गेले तर बाहेर काढलेल्या पायताणावर नजर ठेवून प्रदक्षिणा घालणारा माणूस. ते घंटा देतात? फक्रुद्दीननं जेवण अर्धं टाकलं आणि उठला.

वाटेत रत्नाबाईंचं घर. जैनाचं सोवळं, तीस वर्षांत त्यांनी फक्रुद्दीनच्या कातड्यातलं पाणी घरात घेतलं नव्हतं. दुरून पाणी आणून दुहेरी फडक्यानं गाळायच्या. पण ओसरीवर बसून त्याच्याशी बोलायला त्यांना कातडं आड येत नसे. त्या पापडाचं पीठ मळत होत्या.

"रत्नाक्का, हळद कशानं लाल हुती?"

"खुळा झालास काय फक्रू? पापडखारात हळद पडली की हुतीच की लाल. कुंकू तरी कसं करत्यात? हळदीला खार न्हाय तर चुना."

फक्रुद्दीननं डोळे बारीक केले. "म्हंजी हिरीत पापडखार पडलाय. अक्का, तुमी पापड कुठं करता?"

"अरे बाबा, हिरीभर पापड लाटायला मला काय राक्षसाच्या घरात दिल्या?"

एवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही, पण हळदीची एक पुडी त्यानं मुंडाशात खोवली आणि नवाबला घेऊन विहिरीभोवती फिरू लागला. वरच्या अंगाला जमिनीवर पांढरी पापडी धरली होती, पायाखाली करकरत होती. धोंडुबाईंच्या वांग्याच्या वाफ्यात एक पट्टाच्या पट्टा जळालेला. दोन्ही बाजूंची रोपं हिरवी, मधली काळी. फक्रुद्दीन त्या पट्ट्यामागून चढत गेला. पट्टा संपला तो हंबीररावांच्या कारखान्याच्या पाठीमागं, एका उघड्या खड्ड्याशी. आत रंगाचं आणि सोड्याचं, म्हणजे पापडखाराच्याच जातीचं, धुवण साचलेलं. मातीत मुरत मुरत ते खाली विहिरीकडं निघालं होतं. त्यानं तळहातावर हळद घेतली आणि काडीनं त्यातला एक थेंब टाकला. विहिरीच्या पाण्याला हळद लाल करायला जरा वेळ लागायचा. इथं थेंब पडायचा अवकाश.

घंटा बांधायच्या दिवशी सगळी पेठ जमली. हंबीरराव जरीचा फेटा बांधून उभे. फक्रुद्दीन नवाबसकट गर्दीत शिरला.

"रावसाब, आई तुमच्या खड्ड्यात बी हाय. तिला तिथं का घंटा न्हाय?"

"फक्र्या, तोंड सांभाळ," हंबीरराव गरजले. "आमच्या देवीचं तुला काय कळतंय?"

"देवीचं न्हाय कळत, रावसाब. पान्याचं कळतंय."

गर्दी कुजबुजली. वस्ताद म्हणाला, "पखालीतनं कायतरी आनलं असंल त्यानं." फक्रुद्दीननं दोन्ही हात वर केले. "मी शिवत बी न्हाय. धोंडुबाई, तुमच्या घागरीनं, तुमच्या हातानं आना."

धोंडुबाई खड्ड्याकडं गेल्या. जाताना त्यांनी आपला जळका वाफाही पाहिला असावा, कारण परतल्या तेव्हा त्यांची चाल बदलली होती. हळद कालवली. विहिरीतल्या आईपेक्षा खड्ड्यातली आई दसपट लाल निघाली. एका म्हातारबुवांनी भाबडेपणानं कारखान्याच्या दिशेनं लोटांगण घातलं. तेवढ्यात रत्नाबाई पुढं झाल्या. त्यांनी आपल्या तांब्यातल्या गाळलेल्या पाण्यात चिमूटभर पापडखार टाकला, वर हळद. तांब्या लाल. "ही बघा, माझ्या डब्यातली."

तरी लोक मनातून हलेनात. लाल रंग डोळ्यांदेखत होता, आणि देवीला नाही म्हणायचं कुणी?

फक्रुद्दीननं विहिरीचा पेला भरला आणि आदबीनं हंबीररावांपुढं धरला. "तीर्थ घ्या, रावसाब. घंटा तुमची, पयला मान तुमचा."

हंबीररावांनी पेला घेतला. ओठापर्यंत नेला. तिथं तो थांबला. ते एकदा पेल्याकडं बघत होते, एकदा खड्ड्याकडं.

"आज उपास हाय माझा," ते म्हणाले.

धोंडुबाई शांतपणे म्हणाल्या, "तीर्थाला उपास आडवा येतोय व्हय?"

त्या एका वाक्यानं जे झालं ते हळदीनं झालं नव्हतं. वस्तादानं आपला भरलेला तांब्या सावकाश जमिनीवर ओतला. मग शेजारच्यानं. बघता बघता सगळ्या मळ्यात चिखल झाला.

हंबीररावांनी तो खड्डा बुजवला आणि पलीकडच्या बाजूला दुसरा खणला. तो कुठल्या विहिरीच्या वर येतो हे बघायला फक्रुद्दीन पुडी घेऊन दर आठवड्याला तिकडं जायचा. चिंचेची विहीर मात्र त्याच्या हयातीत सुधारली नाही. त्या पट्ट्यात वांगं काही धरलं नाही. घुमटी राहिली, घंटाही राहिली. धोंडुबाई दर शुक्रवारी दिवा लावायच्या. हळद तेवढी घरच्या पाण्यात कालवायच्या.

फक्रुद्दीन आता दीड कोस लांबून पाणी आणू लागला. पखाल कुजल्याचं कुणी काढीना. पण पेठेला त्यानं एक खोड लावून ठेवली होती. तो दारात आला की आतून आधी हळदीचा डबा यायचा. हांड्यातलं थोडं पाणी तळहातावर, वर चिमूट, आणि सगळं घर वाकून बघणार. पिवळी राहिली तरच हांडा आत.

"चाळीस वर्सं पानी घालतोय मी! माझ्यावर वहिम?" तो पहिल्या दिवशी भडकून घरी आला.

कुलसुमनं त्याच्या पखालीतलं पाणी वाटीत घेतलं, हळद टाकली, आणि दोघं वाटीवर वाकली. पिवळी. पिवळीच राहिली.

फक्रुद्दीननं वाटी उजेडात धरून फिरवून बघितली. मग हळूच म्हणाला, "अगं, हळद तरी चांगली हाय का बघितलीस?"