छाप लिंबाजीची

गेले आठ दिवस एकच काळजी गीताबाईंची पाठ सोडत नव्हती. फळ्यावर तारीख लिहिताना, तांदूळ निवडताना, शाळेतून घरी येताना मागून येणारी मोटारसायकल जरा हळू झाली की त्या थांबून कान द्यायच्या. कुणीतरी दारात उभं राहील आणि विचारील, "लिंबाजी हितंच ऱ्हातो का?" मग त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा अंगात बनियन, कानामागे पेन्सिल अशा थाटात बाहेर येईल आणि म्हणेल, "मीच लिंबाजी. काय काम हाय?"

तो खोटं बोलायचा नाही. त्या घरात मोठं खोटं एकदाच बोललं गेलं होतं, आणि ते गीताबाईंनी.

खरं तर मुलाचं नाव त्यांनी सुगत ठरवलं होतं. पण बारशाला पाळण्याजवळ वाकली ती नणंद सुलाबाई, आणि बाळाच्या कानात कुर्र करून तिनं सांगितलं, "लिंबाजी!" गीताबाई बघतच राहिल्या. लिंबाजी म्हणजे त्यांचे सासरे. समोर ओट्यावर धडधाकट बसून विडी ओढत होते. जित्या माणसाचं नाव नातवाला ठेवतात होय? पण डाव म्हाताऱ्याचाच होता. "मेल्यावर ठेवनारच व्हतात की," म्हातारा म्हणाला. "मग मला बगू द्या की जरा. माजी छाप दोन तोंडांतून निघंल."

छाप म्हणजे गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो ते. 'लिंबाजी म्हणे' आलं की ऐकणाऱ्यानं ओळखायचं, गाणं कुणाचं. ताडकळसच्या आसपासच्या गावांत म्हाताऱ्याची ही छाप लग्नात, जयंतीत सगळ्यांना पाठ होती.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा गावातल्या त्यांच्या वस्तीची अकरा घरं जळाली. चतुराबाई नावाची आंधळी म्हातारी आतच राहिली. त्यानंतर लिंबाजींच्या गाण्यातली चाल गेली. ते डिमडीवर बोटं नाचवत नुसतं भरभर बोलायचे, श्वास न घेता, आणि बोलायचे ते मेलेल्यांच्या तोंडून.

मी जळाल्याली म्हातारी, तुज्या चुलीत बसते,
भाकर तुजी फुगली का मी आतून हळू हसते.
लिंबाजी म्हणे कडी लावू नको, कडीचा उपेग काय,
भ्या दाराच्या भायेर न्हाई, भ्या घरामदी हाय.

लोक ऐकायचे आणि घरी जाताना एकमेकांचा हात धरायचे. परभणीच्या एका कॅसेटवाल्यानं दोन गाणी ऐकून टेप बंद केला. "मामा, लोकाला जयंतीत नाचायचं असतंय. हे ऐकून लेकरं अंथरुणात मुततेन," म्हणाला. गाणी निघालीच नाहीत. पंच्याऐंशीत म्हातारा गेला, आणि ती राहिली ती कुणाकुणाच्या घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली, ट्रंकांत आणि माळ्यांवर पडलेली.

ती लिंबाजीनं, म्हणजे नातवानं, गोळा केली. दोन वर्षं हेच त्याचं काम. रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान नावाला. बापानं, कृषी विद्यापीठात कारकून असलेल्या सितारामनं, परीक्षेचे फॉर्म आणून द्यावेत आणि यानं त्यांच्या पाठीवर गाण्यांच्या याद्या लिहाव्यात. पूर्णेच्या एका मावशीकडच्या कॅसेटवर अर्ध्या गाण्यावर तिच्या नातीचं लग्न भरलेलं होतं. एकीत गाण्यापेक्षा शेळीच जास्त बोलत होती. लिंबाजी उभ्याउभ्या जेवायचा, पेन्सिलीवर फीत गुंडाळायचा, तुटलेली फीत नेलपॉलिशनं चिकटवायचा. "नेलपॉलिश कुणाची रे?" असं विचारलं की कान लाल करून पळायचा. अशी चौदा गाणी जमली. सेलूच्या बन्सीधरचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. तो म्हणाला, काढू. नाव ठरलं, 'लिंबाजीची भ्याची गाणी : आजवर न निघालेली'.

गीताबाईंना बरंच वाटलं होतं. मुलगा कशात तरी रमला होता. पण सोमवारी ताडकळसहून सुलाबाई आली, आणि पाणीसुद्धा न पिता दारातच बसली.

"वयनी, बाजाराच्या दिवशी हाटेलात तुमच्या पोराची कॅसेट लागली व्हती की."

"कॅसेट अजून निघालीच कुठं?"

"नमुन्याची म्हनून दिलीय म्हनं त्यानं कुनाला तरी. आवो, बाबाचा आवाज! एका म्हातारीच्या हातातली मेथी खाली पडली. म्हनली, लिंबाजी मेलाय न्हवं? मी म्हनलं, मेलाय बाई, पर गप बसला न्हाई अजून." सुलाबाई हसली, आणि हसता हसता थांबली. "वयनी, त्यात ते नावाचं गानं बी हाय."

गीताबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला.

चौदा गाण्यांतल्या एका गाण्यात शेवटच्या कडव्यात दोन माणसांची नावं होती. घासलेटचा डबा कुणी उचलला, काडी कुणी ओढली, बापाच्या नावासकट. त्या दोघांतला एक आता मोठा पुढारी झाला होता, दुसरा त्याच्या मागेमागे फिरायचा.

"त्या पुढाऱ्याचा मानूस हाटेलातच व्हता," सुलाबाई म्हणाली. "त्यानं इचारलं, कोन हाय हा लिंबाजी, जिता हाय का? आन् आपलाच एक शाना बोलला ना. म्हनं, हाय की, परभणीत ऱ्हातो, टेपचं दुकान हाय त्याचं."

"अहो, पण गाणं मामांचं आहे!"

"ते तुमाला ठाव, मला ठाव. ऐकनाऱ्याला काय? लिंबाजी म्हणे, आन् लिंबाजी हाय. बारशात मीच कानात सांगितलं, माजंच त्वांड करपलं."

त्या दिवशी संध्याकाळी लिंबाजी घरी आला तेव्हा गीताबाईंनी सरळ विषय काढला. "त्या गाण्यातली 'लिंबाजी म्हणे'ची ओळ काप."

"छाप कापू?" तो असा बघायला लागला जणू आजोबांचं नाक कापायला सांगितलंय. "माय, छाप काढली की गाणं बेवारशी होतंय. कुनीबी उचलून नेतंय."

"मग कव्हरवर मोठ्या अक्षरात लिही, आजोबांनी गायलेलं. कैलासवासी लिही."

त्यानं कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली. मग पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाला, "ते खोटं होईल."

"का?"

"शेवटचं कडवं आजोबाच्या आवाजात न्हाई. फीत तिथंच खाल्ली व्हती मशीननं. मी तुझ्या वहीतून बघून म्हनलंय. आवाज बसवलाय त्यांच्यासारखा, कुनाला कळत बी न्हाई." शेवटचं वाक्य बोलताना त्याला जरा अभिमानच वाटत होता.

म्हणजे ती दोन नावं टेपवर खरोखरच या लिंबाजीच्या तोंडची होती.

सिताराम जेवता जेवता थांबला. "नामांतराचं पुन्हा पेटलंय. पेपरात रोज काहीतरी हाय. आत्ताच काढायची का ही गाणी?"

"मग कव्हा काढायची, आप्पा? चौदा वर्षं झाली, आता पंधरा झाली," लिंबाजी म्हणाला. "आजोबानं भ्यायलं असतं तर नावं घातली असती का? डोळ्यांनी बगितलं म्हनून घातली ना?"

गीताबाई उठल्या आणि ताटं उचलू लागल्या. त्याला काय सांगणार होत्या?

वहीतलं अक्षर त्यांचं होतं. म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं. तो सांगायचा, त्या उतरवून घ्यायच्या. इतकं पोराला ठाऊक होतं. पण म्हातारा जाळपोळीच्या दिवशी गावात नव्हताच, पूर्णेला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. गावच्या शाळेवर नुकत्याच लागलेल्या, बी.ए. झालेल्या गीताबाई तेवढ्या होत्या, आणि सात वर्षांचा लिंबाजी त्यांचं बोट धरून होता. शाळेच्या मागून डबा घेऊन जाणारे दोघं त्यांनी पडवीतून पाहिले. एकाची मुलगी त्यांच्या तिसरीच्या वर्गात होती. चार दिवसांपूर्वीच तो तिची पाटी घ्यायला आला होता. पुढं जबाबाला जमादार आला. "बाई, तुमी काय बगितलं?" गीताबाईंनी पोराचा हात घट्ट धरला आणि सांगितलं, "काही नाही."

सासऱ्यांना मात्र सांगितलं. म्हातारा डिमडी घेऊन बाहेर गेला. चार दिवसांनी हाक आली, "मास्तरीणबाई, वही घ्या." शेवटच्या कडव्यात नावं आली तसा त्यांचा पेन थांबला.

"लिवा की," म्हातारा म्हणाला. "तुमी बोलल्या न्हाईत, मी बोलतो. छाप माजी हाय. तुमाला कोन पुसतंय?"

खरंच कुणी पुसलं नाही. पंधरा वर्षं त्या छापेच्या आडोशाला राहिल्या. आणि आता तीच छाप पोराच्या कपाळावर येऊन बसली होती.

आज सकाळी लिंबाजी मास्टर कॅसेट घेऊन आगगाडीनं सेलूला गेला. आज दुपारपासून बन्सीधर नकला काढायला लागणार होता. गीताबाई शाळेत गेल्या खऱ्या, पण दुसरीच्या मुलांना त्यांनी एकच पाढा दोनदा म्हणायला लावला. मधल्या सुटीत त्यांनी बन्सीधरच्या दुकानाचं कार्ड पर्समधून काढलं. फोन करून काम थांबवायला सांगणं सोपं होतं. पोराची आजारी आई म्हणून रडलं असतं तरी बन्सीधरनं ऐकलं असतं. पण लिंबाजीनं कॅसेट उचलून जालन्याला नेली असती, नांदेडला नेली असती. आणि गाणं बंद पाडलं की चतुराबाईंना कुणी जाळलं हे सांगणारं एकही तोंड उरत नव्हतं. हे त्यांना आवडो न आवडो.

छाप कापली तर? मग नावं ऐकून लोक आवाजाच्या मागं जातील, आणि आवाज पोराचा.

त्यांनी पर्समधून खडूनं पांढरी झालेली डायरी काढली आणि पेननं लिहिलं: 'गीताबाई म्हणे'. पुढं मात्रा बसेना. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा बसली. त्या काही गाणाऱ्या नव्हत्या. पण म्हातारा शेवटी शेवटी गात नव्हताच, नुसतं बोलत होता. बोलायला त्यांना येत होतं. पंधरा वर्षं त्या वर्गात बोलतच होत्या. शेवटचं कडवं त्यांनी आपल्या आवाजात, आपल्या नावानं म्हटलं, तर विचारणारा त्यांच्याकडे येईल. येऊ दे. शिक्षिकेची नोकरी आहे, बदली करतील. सिताराम चिडेल. जमादारानं तेव्हा लिहून घेतलेला जबाब कुणी पुढं ठेवला, तर तेव्हा खोटं का बोललात, हेही विचारतील.

मुख्याध्यापकांना त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. शाळेसमोरच्या एसटीडी बूथवर दोन जण उभे होते. एक कापसाचा भाव विचारत होता, लवकर हलेल असं दिसत नव्हतं. गीताबाई त्याच्या मागं उभ्या राहिल्या. बन्सीधरला काय सांगायचं ते ठरलं होतं: मशीन थांबवा, मी पाचच्या गाडीनं येते, शेवटचं कडवं पुन्हा भरायचंय. पण त्याआधी त्या म्हणणार होत्या, फोन जरा लिंबाजीला द्या. आणि त्याला सांगणार होत्या, तुझ्या आजोबांनी काही बघितलं नव्हतं बाळा, बघितलं मी.

कापसाच्या माणसाचं अजून चालूच होतं. गीताबाईंनी काचेवर टकटक केली.

"भाऊ, आवरा जरा," त्या म्हणाल्या. "मला सेलूला लावायचाय."