बाबांच्या अंगातलं डुक्कर

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कोणी काही विचारलं की मी शिकवायलाच लागते. अमरावतीच्या ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून शिकवून लागलेली खोड. त्या खोडीपायी मी बापाचा जीव घालवणार होते.

बाबा भातकुलीकडचे. जन्म गेला वांगी अन् कोथिंबीर पिकवण्यात. गळ्यात चाळीस वर्षांपासून तुळशीची माळ, अंड्याचा वास आला तरी आंघोळ करणारा माणूस. आईला घेऊन माझ्या धाकट्या बहिणीकडे अकोल्याला गेले आणि तिथंच डावा पाय सुजला. पायात रक्ताची गुठळी निघाली. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी आईला सरळ सांगून टाकलं. मी एसटीनं धावतपळत दवाखान्यात पोचले तेव्हा नर्स सुईची तयारी करत होती.

"काय औषध आहे हे?" बाबांनी मला विचारलं.

"हेपारिन. रक्त गोठू देत नाही. डुकराच्या आतड्यातून काढतात."

बाबांनी हात मागं घेऊन काखेत दाबला. आई म्हणाली, "तुले कोनं इचारलं होतं?" त्यांनीच विचारलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

डॉक्टर आले. दुसरी औषधं आहेत, पण शुगरनं बाबांच्या किडन्या आधीच दमल्यात, तेव्हा हेच बरं, म्हणाले. तासाभरात ठरवा म्हणून निघून गेले. आणि मी घाबरले की जास्तच शिकवते.

"दुसऱ्या कोन्या जनावरात नाई का हे?" बाबांनी विचारलं.

"आहे ना. गाईच्या फुप्फुसात असतं."

आईनं कपाळाला हात लावला. मी घाईघाईनं बकरी, कोंबडी, झिंगा, शिंपला, जे आठवेल ते काढलं.

"अन् वांग्यात?"

"झाडापाल्यात नसतं, बाबा."

बाबांचं तोंड उतरलं. जन्मभर ज्या वांग्याची बाजू घेतली, त्यानं ऐन वेळी दगा दिला होता.

"पन शिंपल्याले काय काम त्याचं? त्याले कुठं आपल्यावानी रक्त आहे?"

हा प्रश्न माझ्या कोण्या विद्यार्थ्यानं आजवर विचारला नाही. मी सांगितलं, नीट कोणालाच माहीत नाही. पण आतडी, फुप्फुस, कातडी, म्हणजे जिथं शरीराला बाहेरचं जग लागतं, तिथल्या पेशींत ते साठवलेलं असतं. घुसणाऱ्या जंतूंना अडवायला असावं. रक्त गोठू न देणं हा आपण शोधलेला फायदा.

"मंजे वावराच्या धुऱ्यावरचा राखनदार."

"हो. तुमच्याही आतड्यात आहे."

"मंग माहंच काढा न."

"त्यासाठी आधी तुम्हाला मारावं लागेल," मी म्हणाले, आणि आईनं मला जोरात चिमटा काढला.

"दिसते कसं?"

मी त्यांचीच माळ बोटात धरली. "असंच. साखरेच्या मण्यांची लांब माळ, मण्यामण्याला गंधक चिकटलेलं. त्यातले पाच मणी ठरावीक क्रमानं आले की गुठळी अडते. डुकराचे मणी अन् तुमचे मणी तेच. ओवण्यात थोडा फरक."

"साखर? मले तं शुगर आहे."

"ती साखर नाही, बाबा."

ते कितीतरी वेळ मणी चाळवत राहिले. घड्याळ पुढं चाललं होतं, आणि मला त्यांचा हात ओढून सुईखाली धरावासा वाटत होता. मग त्यांनी माळ काढली. मी ती कधी गळ्याबाहेर पाहिली नव्हती.

"माह्यात डुक्कर येऊन राह्यलं, तं ही माह्या गळ्यात नाई राह्यत. पन घरात कोनाच्या तरी गळ्यात पाह्यजे. तू घाल. अन् दर इतवारचं मटन बंद."

बारा वर्षं मी ते लपवलं होतं. तोंडाला एकच कुलूप लावलं जन्मात, अन् त्याचीही किल्ली यांच्याकडे निघाली.

"माळ अशी कोनाच्याई गळ्यात टाकत नसतात," आई म्हणाली.

"माळकऱ्याले डुक्कर टोचत नसतात," बाबा म्हणाले, आणि हात पुढं केला.

आठवडाभरात सूज उतरली. गोळ्या लिहून देऊन घरी सोडलं. गाडीत मी गळ्यातली माळ काढून त्यांच्यापुढं धरली. "घाला आता. ते औषध अंगात टिकत नाही. काही तासांत निघून जातं. आता शोधूनही सापडणार नाही."

बाबा खिडकीबाहेर वावरं पाहत होते.

"मी वाचलो कोनाच्यानं?"

"त्याच्यानंच."

"मंग गेलं कसं?"

मी माळ परत गळ्यात घातली. काही शिकवलं नाही.