आधी कोणाचा हात

आमचे हे, लाओ गंग, फौजेतून निवृत्त होऊन किती वर्षं लोटली, पण घरात पडदे कुठले लावायचे यावरही बैठक! "हात वर करा," म्हणतात. सभासद कोण, तर मी, सासूबाई आणि मुलगा रुओछ्वान. सगळ्यांत आधी हात यांचाच. मग कोणाची बिशाद आहे विरोधात जायची?

फौजेत ते एका कंपनीचे राजकीय अधिकारी होते. कवायत आणि बंदुका कमांडर थाओकडे, पोरांची मनं यांच्याकडे. पण मोठा निर्णय दोघांपैकी कोणाचाच नाही, तो कंपनीतल्या कम्युनिस्ट पक्षाच्या समितीचा, आणि तिचे प्रमुख हेच. फौज पक्षाची, हे यांच्या अंगात इतकं भिनलंय की झोपेतही बोलतील. घरच्या आठवणीनं एखादा शिपाई रडवेला झाला, की तासन् तास त्याच्याशी बोलत बसायचे. स्वतःच्या मुलाशी मात्र कधी बसून बोलले नाहीत. त्याचा मला भारी राग होता.

या हिवाळ्यात यांनी ठरवलं, रुओछ्वानला फौजेत घालायचं. पोराला व्हायचं होतं गुरांचा डॉक्टर. झालं, डंपलिंगच्या ताटाभोवती बैठक बसली.

"मी आपली माझ्या शौयीच्या बाजूनं," सासूबाई लेकाकडे, म्हणजे यांच्याकडे, बघत म्हणाल्या. "आता ते व्हिनेगर द्या इकडे."

"जन्मभर डुकरांची नाडी बघणार का रे?" हे गरजले.

"डुकरं निदान हात वर करायला लावत नाहीत."

मी टेबलाखालून पोराला लाथ घातली. पण तो कुठला गप्प बसायला!

"बाबा, कमांडरचं मत एक आणि तुमचं दुसरं असलं तर?"

"समिती ठरवते."

"आणि समितीच चुकली तर?"

यांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"चुकली होती," मग म्हणाले. "थाओ म्हणत होता, नदीवरचा बर्फ पातळ आहे, वळसा घालू. वरचे साहेब बघायला यायचे होते, मला उशीर नको होता. प्रमुखानं आपलं मत शेवटी सांगायचं, अशी रीत. मी आधीच हात वर केला. माझा वर गेल्यावर बाकीचे काय करणार? थाओचासुद्धा वर आला. छोटा लू पुढे होता, तो बर्फाखाली गेला. आम्ही ओढून काढला, पण गारठून त्याचे पाय गेले."

इतकी वर्षं संसार केला आणि मला याचा पत्ता नाही! रागही आला, आणि माणसाची कीवही आली.

"चला, मतदान घ्या," मी म्हटलं. माझंच मन थाऱ्यावर नव्हतं.

सवयीनं यांचा हात उचलला गेला. अर्ध्यावर थांबला. मग तो त्यांनी खाली घेतला आणि चक्क मांडीखाली दाबून ठेवला.

"रुओछ्वान, आधी तू सांग. मी शेवटी."

पोरगा अडखळत बोलायला लागला. ताटातली डंपलिंग पार गार झाली, तरी यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.