काळ्या उंदरांचं जेवण

आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. बाबा ब्रह्मा घाटावरचे आचारी. काशीत श्राद्धा-मुंजीला येणाऱ्या मराठी मंडळींचं रांधून त्यांनी मला एम.एस्सी. केलं. उभ्या जन्मात त्यांनी नैवेद्याआधी थेंबभर चाखलं नाही. पाकाची तार बोटांत बघायची, आमटीचं मीठ वासावरून ओळखायचं. त्यांना घमेंड असलीच तर तेवढीच.

म्हणून त्यांना शुगर निघाली तेव्हा मामाचं बोलणं लागलं. मामा त्यांच्याच पंगतीत वाढायला असतो. "भाऊजी, आता कबूल करून टाका. चाखून चाखूनच झाली ना?"

थट्टाच होती, पण ती घाटभर झाली. बाबांनी झारा खुंटीला टांगला, ठरलेल्या मुंजीवाल्यांना येत नाही म्हणून कळवलं. "लोक उष्टं समजून जेवणार असतील तर रांधू कशाला?"

आई मला म्हणाली, "शिकलीस ना एवढी? मग बोल काहीतरी."

मी तेव्हा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम करत होते. रविवारी मामा जेवायला आला, तेव्हा बोलले.

"आमच्याकडे दोन वाणांचे उंदीर आहेत, काळे आणि पांढरे. दोघांना एकाच पोत्यातलं तुपकट खाणं. काळ्यांची साखर चढते, पांढऱ्यांची नाही. त्यात चोरून खाणारा कुणी नाही, माप मीच देते. ते रक्तातून येतं, पिढ्यान्‌पिढ्या. मामा, पंगती उठल्यावर बाबांच्या शेजारी बसून तूही तेच लाडू खातोस. दोन जास्तच. तुला का नाही झाली?"

"मी पांढरा ना," मामा म्हणाला.

"आरशात बघ एकदा," आई म्हणाली.

बाबा हसतील असं वाटलं होतं. ते माझ्याकडे वळले. "म्हणजे तुझ्या आजोबांना होती, त्यांच्याकडून मला आली. आणि माझ्याकडून तुला?"

याचा मी विचारच केला नव्हता. "होईलच असं नाही," मी म्हटलं. "पण मीही काळ्यांतलीच असेन."

"त्या काळ्यांना साधं खायला दिलं तर?"

"तर बहुतेक ठणठणीत राहतात."

मामाने हात धुतले आणि मुंजीवाल्यांना स्वतःच फोन लावला. "आचारी येताहेत. हो, तेच. न चाखणारे."

माझ्या डब्यात कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून एक लाडू असायचा. सोमवारी तो नव्हता. बाजरीची भाकरी, मुगाची उसळ, मुळ्याची कोशिंबीर. बाबांच्या ताटातही तेच. त्या उंदरांचे उपकार मी मानतेच. पण त्यांचं खाणं तोलताना माझा हात चुकत नाही, हे मी प्रयोगशाळेत शिकलेले नाही. तेही बाबांकडूनच आलं.

परवा सकाळी बघितलं तर बाबा उसळीचा एक दाणा तोंडात टाकत होते. मी दारात थांबले.

"हा नैवेद्य नाही," ते म्हणाले. "तुझा डबा आहे. चुकून चालणार नाही."